परीक्षेत अवस नसते

कापसाच्या गाड्या पुन्हा लागल्या. शाळेच्या खिडकीतून जवळा बाजारचा रस्ता दिसतो, आणि दिवाळी सरली की त्या रस्त्यावर गाड्यांखेरीज दुसरं काही दिसत नाही. माणसाच्या दुप्पट उंच भरलेला कापूस, त्यावर कोणीतरी पालथा झोपलेला, खाली बैल आपले आपण चाललेले. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकतात ते संक्रांतीपर्यंत तसेच राहतात. वर्गात पोरांना शिंका येतात. मला येत नाहीत. चौदा वर्षं या धुरळ्यात काढली, आता नाकसुद्धा सरकारी झालंय.

सरकार मात्र बदललं. निजामाचं राज्य जाऊन तीन महिने झाले. हजेरीला पोरं अजून सवयीनं "हाजिर" म्हणतात आणि मग जीभ चावतात. मी रागवत नाही, कारण माझीही जीभ त्याच वळणाची आहे. पाढे मराठीत म्हणायचे आणि शेरा उर्दूत लिहायचा, असं करत अर्धी नोकरी झाली. आता म्हणे परीक्षा मराठीतून होणार आणि कारकुनांच्या जागा निघणार. परवा चार तरुण दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, हिसाब शिकवता का? बाकी समदं येतंय, काळ-कामापाशी घोडं पेंड खाऊन राहिलं."

"बघू," मी म्हटलं. ते गेले. मी खडू हातात धरून उगीच बसून राहिलो. शिकवायला काही हरकत नव्हती. हिवाळ्याची दुपार, शुक्रवारऐवजी आता रविवारची सुट्टी, वेळच वेळ. पण काळ-काम म्हटलं की मला सटवा आठवतो, आणि सटवा आठवला की माझं डोकं जागेवर राहत नाही.

काळ-कामाची गणितं मोठी मजेची असतात. त्यातली माणसं बघा. कधी आजारी पडत नाहीत. तंबाखू मळायला बसत नाहीत. त्यांच्या बहिणीचं लग्न निघत नाही की गावात कोणी मरत नाही. पहिल्या दिवशी जेवढं खणलं तेवढंच बाराव्या दिवशी खणतात. खाली काळा खडक लागो की पाणी लागो, त्यांना काय त्याचं! बारा मजूर एक विहीर वीस दिवसांत खणतात, आठ दिवसांनी चौघं निघून जातात, तर उरलेलं काम किती दिवसांत होईल? अठरा. ते चौघं का गेले, हे मात्र एकही पुस्तक सांगत नाही. भांडण झालं असेल, नाहीतर मुकादम शिव्या देत असेल. आपण विचारायचं नसतं. आपण भागाकार करायचा असतो.

अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच कापसाच्या दिवसांत मी पाच जणांना ही गणितं शिकवत होतो. गिरदावराच्या, म्हणजे महसुलाच्या फिरत्या अंमलदाराच्या, हाताखाली एका कारकुनाची जागा निघाली होती. गावोगाव फिरायचं, पिकं बघायची, काय पेरलं, किती नांगरलं, ते लिहून आणायचं, असं काम. आधी लेखी परीक्षा, तीत वर आलेल्या दोघा-तिघांना तालुक्याच्या साहेबांपुढं उभं करायचं, आणि त्यातला एक घ्यायचा. वयाची अट पंचवीस. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि जगात मला न सुटणारं गणित नाही अशी माझी पक्की समजूत होती.

वर्ग भरायचा त्या पाचांतल्याच हमीदच्या वडिलांच्या गोदामात. ते कापसाचे व्यापारी. शाळेच्या खोलीपेक्षा तिथं ऊब जास्त, म्हणून हमीदनंच सुचवलेलं. मी एका उपड्या पेटीवर, आणि माझे विद्यार्थी कापसाच्या ढिगावर मांड्या ठोकून. सरकीचा तो तेलकट, गोडसर वास अजून नाकात आहे. पाटीवर लिहावं तोवर त्यावर कापसाचे तंतू येऊन बसायचे, फुंकर मारली की अंकही पुसट व्हायचा. दुपारी कवाडाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात एवढा धुरळा तरंगताना दिसायचा की आपण हे सगळं छातीत घेतोय याची भीती वाटायची. मग पट्टी सरकायची आणि भीतीही जायची.

सटवा त्या पाच जणांत सगळ्यात थोराड. चोवीस वर्षं त्याला पुरी झाली होती, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं मोठा. तरी तो मला "तुमी" म्हणायचा आणि मी त्याला "तू". मास्तरकीची ऐट, दुसरं काय. घरी दोन भावांत मिळून एक औत. सातवीपर्यंत शिकलेला, आणि ते शिक्षण औताच्या मागं चालता चालता टिकवलेलं. त्याचं अक्षर बघायला हवं होतं. बोरूनं उर्दू असं लिहायचा की हमीदचे वडील गोदामातलं काम टाकून बघत राहायचे. ते एकदा म्हणाले, "ये हात नांगर पे कायकू रखा अल्ला ने?" सटवा लाजला आणि हात धोतराखाली दडवले.

त्याला ती जागा किती हवी होती हे त्यानं एकदाच सांगितलं. "मास्तर, या पौषानंतर मला पंचविसावं सरतंय. मंग कोन इचारणार? भाऊ चांगला हाय, वहिनीबी चांगली हाय. पर एका औताला दोन धनी कवापतुर पुरतील? अन् लिहायचं इसरून जाईन मी. ते मला न्हाई सोसायचं." हे सांगताना तो कापसातली सरकी नखानं काढत होता. मी म्हटलं, "तू गणित तेवढं नीट कर, बाकी तू एक नंबर आहेस." ते खरंही होतं.

उर्दू पुस्तकातल्या गणितांत सदान्‌कदा जैद आणि बकर असायचे. जैद एक काम बारा दिवसांत करतो, बकर तेच पंधरा दिवसांत करतो, तर दोघं मिळून किती? पहिल्याच दिवशी सटवानं विचारलं, "जैद कोन्या गावचा?"

हमीद म्हणाला, "मेरे मामू का साला है. गोरेगाव में रैता."

सगळे हसले. सटवा हसला नाही. "न्हाई, म्हंजी मुरमाड रानातला का काळ्या रानातला, असं इचारून राहिलो. काळ्या रानात बारा दिस लागत असतील तर मानूस बराय."

मी साठ भाग पाडून दाखवले, जैदचे पाच, बकरचे चार, दिवसाला नऊ. उत्तर सहा दिवस आणि दोन तृतीयांश. "दोन तृतीयांश दिवस म्हंजी काय टैम झाला?" सटवाचा पुढचा प्रश्न तयार. मी म्हटलं, "तिसऱ्या प्रहरी कामावरून घरी जायचं." त्याला ते पटलं. त्याला प्रत्येक उत्तर कुठल्यातरी खऱ्या रानात नेऊन उभं करून बघायचं असायचं. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, इतक्या वर्षांत गणित वाचणारे पुष्कळ भेटले, गणितातल्या माणसाची चौकशी करणारा तो एकच.

तर, चूक. सटवाची अधूनमधून एक चूक व्हायची आणि ती मला सापडत नव्हती. विहिरीचं गणित बरोबर, भिंतीचं बरोबर, हौदाच्या तोट्या बरोबर, आणि मध्येच एखादं उत्तर एकानं जास्त. चोवीसच्या जागी पंचवीस. तीसच्या जागी एकतीस. मी त्याचे गुणाकार तपासले, भागाकार तपासले. सगळं चोख. शेवटी एका शुक्रवारी त्याच्या चुकलेल्या पाट्यांची गणितं ओळीनं मांडून बसलो, आणि लक्षात आलं की चुकतात ती फक्त औताची. तीही सगळी नाहीत. सहा दिवसांचं उत्तर असलं तर बरोबर. जास्त दिवसांचं असलं की एक दिवस वर.

"सटवा, दोन औतं एक रान छत्तीस दिवसांत नांगरतात. तीन औतं किती दिवसांत?"

"पंचवीस."

"चोवीस येतात रे!"

"चोवीस दिस कामाचे, मास्तर. पर मधी अवस न्हाई का यायची?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच काहीतरी विसरलोय. "अवसेला बैल जुपत न्हाईत. धा-बारा दिसाचं काम असंल तर टळंलबी. चोवीस दिस म्हनल्यावर धरूनच चालायचं."

मी पोट धरून हसलो. इतरही हसले. आमच्या भागात अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मलाही लहानपणापासून माहीत. पण ते गणितात घुसेल हे कुणाच्या स्वप्नात यावं? हसून झाल्यावर मी समजावलं. पुस्तकातले बैल वेगळे. त्यांना अवस नाही, पोळा नाही. सटवानं मान हलवली आणि पुढच्या शुक्रवारी विसाच्या जागी पुन्हा एकवीस लिहिलं. समजत नव्हतं असं नाही. हात ऐकत नव्हता. बैलांना एक सुट्टी द्यायची, ही त्याच्या हिशेबातली इतकी साधी गोष्ट होती की ती वगळणं त्याला लबाडीसारखं वाटत असावं.

लेखी परीक्षा आठ दिवसांवर आली, आणि त्यानं परत तेच केलं. माझा तोल गेला. मी रूळ उचलला आणि त्याला हात पुढे करायला सांगितलं. माझ्याहून मोठा, दाढी आलेला माणूस. त्यानं मुकाट्यानं तळहात पुढे केला. मी मारला. त्या हाताला काय लागणार, घट्टे पडलेला हात तो. मी म्हटलं, "परीक्षेत अवस नसते. काय?"

"परीक्षेत अवस नसती," सटवा म्हणाला.

"पुन्हा म्हण. आणि शब्द दे मला."

"दिला, मास्तर."

त्या रुळाची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला वाटलं, चला, एकदाचा मार्गी लागला.

आणि लागलाच होता. हिंगोलीला लेखी परीक्षा झाली, तीत पहिला सटवा आणि दुसरा हमीद. औताचं एक गणित पर्च्यात होतंच, आणि सटवानं ते पुस्तकाबरहुकूम सोडवलं होतं. मी गावभर सांगत फिरलो. सटवाच्या वहिनीनं हुरडा धाडला, फडक्यात बांधून, वर तिळाची चटणी. त्या हुरड्याची चव काय सांगू! शिकवणाऱ्याला जे खायला मिळावंसं वाटतं ते त्यात होतं. मी तीन दिवस पुरवून पुरवून खाल्ला.

साहेब दौऱ्यावर होते, म्हणून दोघांना औंढ्याच्या अलीकडच्या अमराईत मुक्कामावर बोलावलं. सटवा भावाचा धुतलेला कोट घालून चालत गेला, हमीद टांग्यातून. टांग्यात बस म्हटलं तर सटवा बसेना. कोटाला कापूस लागेल म्हणाला. मी शाळेत होतो. दुपारभर माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं.

जागा हमीदला मिळाली.

लोक म्हणाले, व्यापाऱ्याचा पोरगा, वजन पडलं असेल. सटवा आला, म्हणाला, "नशीब, मास्तर. तुमी लई केलं." पाया पडला आणि गेला. मीही मनात तेच धरलं, वजन पडलं असेल. सोयीचं होतं ते. मग चौथ्या दिवशी हमीद आला. पेढे आणले होते, पण ते पुढे करीना. गोदामाच्या कवाडाशीच उभा राहिला.

"मास्टरसाब, वो जवाब मेरा नै था," तो म्हणाला. "सटवा का था."

"कुठला जवाब?"

त्यानं सांगितलं ते असं. साहेब शेरवानीतले, पण वीस वर्षं घोड्यावरून खेडी हिंडलेले. दोघांना एकेक करून आत घेतलं. तंबूची कनात वर बांधलेली, समोर कोणीतरी मोकळं रान नांगरत होतं. साहेबांनी दोघांनाही एकच विचारलं. हे समोरचं रान चार औतं तीस दिवसांत नांगरतील. आजपासून सहा औतं लावली, तर कितव्या दिवशी रान नांगरून होईल? आणि अमावस्या पाच दिवसांवर होती.

"सायब बाहर देख रहे थे, रान की तरफ," हमीद म्हणाला. "मैं समझा, ये किताब का सवाल नै. सटवा का याद आया. मैं बोला, इक्कीस, हुजूर. बीच में अवस है, अवस कू बैल नै जोतते. सायब इत्ते खुश हुए, इत्ते खुश... मैंने जिंदगी में नांगर कू हात नै लगाया, मास्टरसाब."

सटवा आधी आत गेला होता. सटवानं सांगितलं होतं, वीस.

हमीद रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. जागा सोडतो म्हणाला. मी म्हटलं, वेडा आहेस का, तू सोडलीस तर साहेब सटवाला थोडेच परत बोलावणार आहेत, तिसराच कोणी येईल. तेही खरं होतं. मग त्यानं विचारलं, सटवाला सांगू का? मी म्हटलं, नको. का नको म्हटलं? सटवाला वाईट वाटेल म्हणून, असं मी त्याला सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगत आलो. खरं कारण, मला सटवाच्या समोर उभं राहायची छाती नव्हती. चोवीस वर्षं त्याच्या अंगात असलेली गोष्ट मी रुळानं काढून टाकली, आणि नेमकी तीच त्या साहेबाला हवी होती.

त्यानंतर मी काळ-काम शिकवलं नाही असं नाही. शाळेत शिकवावंच लागतं. उत्तरं पुस्तकातलीच दिली. हमीद चांगला कारकून झाला, आता दुसऱ्या तालुक्यात आहे, नव्या राज्यात नोकरी टिकते की नाही या घोरात. दर ईदेला त्याचं पत्र येतं, आणि त्यात शेवटी असतं, सटवा कैसा है. सटवा बरा आहे, मी लिहितो. आणि तो बराही होता. बाजाराला यायचा, रामराम करायचा, पाऊसपाणी सांगायचा. त्याच्याशी बोलताना मी हटकून पायाकडे बघायचो.

काल दुपारी शाळा सुटल्यावर तो आला. गाडी बाहेर लावली, बैलांपुढं कडबा टाकला आणि पायरीवर बसला. कानाशी केस पिकलेत. कापूस चांगला झालाय म्हणाला. मग थोडा घुटमळला.

"मास्तर, नव्या राज्यात परीक्षा व्हनार म्हनं. मराठीतून."

"हो, म्हणतात."

"वयाची अट काय हाय?"

मला माहीत होतं. त्या चार तरुणांनी जाहीरनामा दाखवला होता. "पंचवीसच," मी म्हटलं.

"आसं व्हय." तो हसला, मोठ्यानं, स्वतःलाच. "उगं इचारून बघितलं. कुठं काही ढिलं झालं असंल म्हनलं."

पस्तीस वर्षांचा माणूस. वर्षानुवर्षं औत हाकून त्यानं अजून आशा ठेवली होती, आणि ती ठेवल्याचीही त्याला लाज वाटत होती. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही हे कळत होतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हमीद काय म्हणाला ते, साहेब का खूश झाले ते, मी हमीदला गप्प राहायला सांगितलं तेही. "तुझी जागा मी घालवली सटवा," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी नाही. मी."

त्यानं मान बैलांकडे वळवली. मला वाटलं, उठून जाईल.

"सायबानं मला दोनदा इचारलं व्हतं," तो म्हणाला. "म्हनाले, बराबर बीस? मंग मलाबी उमगलं त्याला काय पायजे ते. जिभंवर आलं व्हतं, एकवीस. पर तुमाला शबूद दिल्याला."

"म्हणजे तुला माहीत होतं? तिथंच, तंबूत?"

"व्हय."

"मग अकरा वर्षांत मला एकदाही का नाही बोललास? दोन शिव्या तरी घालायच्यास!"

"तुमाला काय बोलनार?" सटवा म्हणाला. "तुमी तवा पोरगं व्हता, मास्तर. तुमाला अजून लेकरं शिकवायची व्हती."